आंधळ्या वळणावरचा अंगठा

सोळा वर्षं मी जिथून निघालो तिथेच परत येण्याचं काम केलं. तेही शक्य तितक्या लवकर. याला मोटरसायकलचं रोड रेसिंग म्हणतात. रत्नागिरीत आमच्या आळीत हे समजावून सांगता सांगता माझे केस पांढरे झाले. शेजारच्या काकू विचारायच्या, "पण शेवटी जायचं कुठं असतं रे?" मी म्हणायचो, कुठंच नाही, आठ फेऱ्या मारायच्या आणि थांबायचं. त्यावर त्या माझ्या आईकडे बघून मान हलवायच्या. आईही मान हलवायची.

दुसरा प्रश्न असायचा, "एवढ्या लांब दक्षिणेत जायची काय गरज? आपल्याकडे महामार्गावर रोज होतात की शर्यती." हा मुद्दा मात्र मला कधी खोडून काढता आला नाही. महामार्गावर समोरून गाड्या येतात आणि मध्ये म्हशी बसलेल्या असतात. ट्रॅकवर सगळे एकाच दिशेने जातात, म्हशी नसतात आणि पडलात तर उचलायला माणसं तयार असतात. म्हणजे तुलनेत आमचं काम बैठं म्हणायला हवं.

आता मी निवृत्त आहे. रत्नागिरीत गाडी चालवायला शिकवतो. रेसरकडून शिकायचं म्हणून लोक हौसेने येतात आणि मी पहिला आठवडाभर फक्त ब्रेक दाबायला लावतो म्हणून कंटाळून जातात. त्यांना सांगायला माझ्याकडे विजयाच्या फारशा गोष्टी नाहीत. मी साधारण नववा येणारा माणूस. वीस-बावीस जणांत नववा, ही जागा मी इतकी वर्षं राखली की ती माझ्या नावावर करून द्यायला हवी होती. पण एकदा मी तिसरा आलो, आणि त्या आठवड्याबद्दलच लिहायचं आहे.

हंगामाची पहिली शर्यत होती. आमच्या धंद्यात हा आठवडा नव्या शाळेच्या पहिल्या आठवड्यासारखा असतो. सगळ्यांचे कपडे नवे, सगळ्यांचे संकल्प नवे, आणि गुरुवारी दुपारपर्यंत कोण नापास होणार ते सगळ्यांना कळलेलं. गुरुवारी आणि शुक्रवारी सराव. शनिवारी दुपारी पात्रता फेरी, म्हणजे जो जितका वेगवान, तो रविवारी तितका पुढे उभा राहणार. रविवारी दोन शर्यती, एक सकाळी, एक दुपारी. सगळा मुक्काम ट्रॅकच्या मागच्या मोकळ्या जागेत, तंबूंच्या गावात. अंगात चामड्याचा एकसंध पोशाख. जून महिना, दक्षिणेतलं ऊन. हा पोशाख उतरवला की आतून जे निघायचं ते माणूस कमी आणि उकडलेला बटाटा जास्त असायचं.

आमची टीम लहान. रायडर दोघे, मी आणि कोल्हापूरचा इंद्रजित. मॅनेजर देवधर, पुण्याचे. दोन मेकॅनिक. इंद्रजितच्या गाडीवर विनायक, आणि माझ्या गाडीवर दाजी.

दाजी हे त्यांचं खरं नाव नव्हे. वेळणेश्वरात ते कुणाच्या तरी बहिणीचे नवरे होते, त्याने हाक मारली आणि मग अख्ख्या गावाने ती उचलली. मी त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान, मीही दाजीच म्हणायचो. आयुष्यभर त्यांनी मासेमारीच्या बोटींची इंजिनं सांभाळली. मी त्या बाजूला फिरायला गेलो असताना माझी गाडी बंद पडली. त्यांनी ती नुसती ऐकली आणि म्हणाले, "टाकीच्या टोपणाचा भोक बुजलाय. हवा जात नाय म्हणून पेट्रोल उतरत नाय." टोपण उघडून फुंकर मारली, गाडी चालू. माझ्याकडून त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. असा कान असलेला माणूस मी कुठे पाहिला नव्हता. मी वर्षभर त्यांच्या मागे लागलो आणि शेवटी त्यांनी बोट सोडून आमच्या टीमची नोकरी धरली.

गावात त्यांची थट्टा झाली. समुद्रावरचा माणूस फटफटीवाल्यांच्या मागे चालला म्हणाले. बोटीवरची त्यांची जागा लगेच दुसऱ्याने घेतली. निघताना त्यांची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, मला म्हणाल्या, "तुझ्या शब्दावर धाडतंय हो. तिकडं कोन हसला नाय पायजे त्यांना." मी म्हटलं, वहिनी, काळजी करू नका. हे वाक्य मी आयुष्यात जितक्या वेळा म्हटलं तितक्या वेळा काळजी करण्यासारखंच काहीतरी झालं आहे.

त्या वर्षी माझी गाडी नवी होती. उजव्या मुठीवर वेग द्यायची नवी जाडजूड जोडणी बसवली होती. त्यामुळे इंजिन बंद करायच्या बटणाला तिथे जागा उरली नाही. हे बटण नियमाने लागतंच, कारण गाडी पडून एकटीच घुर्र घुर्र करत राहिली तर धोका असतो. शिवाय हात मुठीवरून न उचलता ते दाबता यायला हवं. दाजींनी ते डाव्या मुठीपाशी बसवलं. लाल, गुटगुटीत बटण. दाबून धरलं तोवर इंजिन बंद, सोडलं की चालत्या गाडीत पुन्हा सुरू. तपासनीसाने आरसा लावून वरून-खालून पाहिलं आणि पास केलं.

गुरुवारी पहिल्याच सरावात गाडीने गचका खाल्ला. मुख्य सरळ रस्ता संपला की दुसरं वळण येतं, तिथे मातीचा उंच बांध आहे, पलीकडचं काही दिसत नाही. बरोबर तिथे इंजिन क्षणभर गप्प झालं आणि पुन्हा सुरू झालं. पुढे आणखी दोन ठिकाणी तेच. पुढच्या फेरीत पुन्हा त्याच तीन ठिकाणी. पूर्ण वाकलेल्या गाडीत इंजिन असं दगा देतं तेव्हा काय होतं हे सांगून कळायचं नाही. खुर्चीवर बसताना मागून कुणी खुर्ची ओढली तर जे होतं ते, फक्त ताशी शंभराच्या वेगाने.

मी तंबूत येऊन हेल्मेट आपटलं. दाजींनी टाकी काढली. म्हणाले, "गाडी कलली की पेट्रोल एका अंगाला जात आसंल. बोटीत पन व्हता तसा." टाकीत फोम भरला. गचका कायम. नळ्या बदलल्या. गचका कायम. प्लग, कॉइल, वायरी, सगळं झालं. दोन दिवस त्या माणसाने पाठ टेकली नाही. जेवायलाही बसायचे नाहीत. घरून आणलेली सुकट टायरच्या ढिगाआड छोट्या स्टोव्हवर परतायचे आणि भाकरीच्या तुकड्यावर घेऊन उभ्याउभ्या खायचे. त्या वासाने शेजारचा तंबू दोन वेळा तक्रार घेऊन आला. तिसऱ्या वेळी ताट घेऊन आला.

मी काय करत होतो? मी मोठ्या आवाजात सांगत होतो की गाडीत दोष आहे. रायडरला हे फार छान जमतं. जिंकलो तर मी, हरलो तर गाडी.

शुक्रवारी संध्याकाळी देवधरांनी माझी गाडी इंद्रजितला दिली. तो पाच फेऱ्या मारून आला आणि हेल्मेटची काच वर करून म्हणाला, "एक नंबर गाडी हाय की भावा. कुठं गचका खाती?"

देवधर माझ्याकडे वळले. ते कधी ओरडायचे नाहीत, म्हणींत बोलायचे. "नाचता येईना, अंगण वाकडं," म्हणाले.

तेवढ्यात दाजी हात पुसत पुढे आले. "साहेब, ह्यो पोरगा खोटा बोलत नाय. मी कुंपनाशी उबा ऱ्हाऊन आयकलाय. इंजान गप पडता, तीन जागी. दोष हाय. मला सापडत नाय, तो माजा कमीपना."

म्हणजे मला वाचवायला त्यांनी दोष स्वतःच्या अंगावर घेतला. देवधरांनी तो तिथेच स्वीकारला. म्हणाले, उद्या पात्रता फेरीपर्यंत गाडी नीट झाली नाही तर रविवारी ती विनायक बघेल, आणि दाजींनी सोमवारी घरी जावं.

पात्रता फेरीत तिन्ही गचके बसले. मी चौदावा. विनायकने दाजींच्या हातातला पाना घेतला. दाजींनी स्वतःची हत्यारं पुसून पेटीत ठेवायला घेतली. एकेक पाना पुसत होते आणि माझ्याकडे बघत नव्हते. वहिनींचं वाक्य मला आठवलं आणि मी तिथून सटकलो.

आता रायडरांची एक सवय सांगतो. रिकाम्या वेळी आम्ही मनातल्या मनात फेरी मारतो. स्टुलावर बसायचं, डोळे मिटायचे, हात मुठी धरल्यासारखे पुढे धरायचे आणि पहिल्या वळणापासून शेवटच्या वळणापर्यंत सगळा ट्रॅक आठवायचा. सोबत घड्याळ लावायचं. चांगल्या रायडरची मनातली फेरी आणि खरी फेरी यांच्यात सेकंदाचाही फरक नसतो. बाहेरून हे दृश्य फार केविलवाणं दिसतं. आमच्या घरी आईने एकदा मला असा पाहून दृष्ट काढली होती.

शनिवारी दुपारी तीनच्या सुमारास मी तंबूमागे स्टुलावर बसलो. एका दाबाने सुरू आणि दुसऱ्या दाबाने बंद होणाऱ्या स्टॉपवॉचचं बटण अंगठ्याखाली येईल असं डाव्या हातात धरलं. सुरू केलं, फेरी मारली, शेवटी बटण दाबलं आणि डोळे उघडले. घड्याळ थांबलं नव्हतं, चालू होतं, आणि आकडा मिनिटभराचाही नव्हता. फेरी तर पावणेदोन मिनिटांची. वाटलं, घड्याळही विनायककडे द्यायला हवं.

पुन्हा मारली. या वेळी डोळे उघडे ठेवून, हातांकडे बघत. पहिलं वळण ठीक. सरळ रस्ता. मनात तो मातीचा बांध आला आणि माझा डावा अंगठा आपला आपण खाली गेला. घड्याळ थांबलं. दुसऱ्या आंधळ्या वळणावर पुन्हा गेला. घड्याळ सुरू झालं. तिसऱ्यावर पुन्हा.

मी हॉर्न वाजवत होतो.

हे कोकणाबाहेरच्या माणसाला थोडं समजावून सांगायला हवं. माझे वडील एसटीचे ड्रायव्हर, देवरुख डेपोचे. आमच्याकडचे रस्ते डोंगर कापून काढलेले. दर फर्लांगावर असं वळण की पलीकडे काय आहे ते फक्त देवाला ठाऊक, आणि बहुतेक वेळा पलीकडे एसटीच असते. मला स्कूटर शिकवताना वडील मागे बसायचे. स्कूटरचा हॉर्न डाव्या अंगठ्याखाली. आंधळ्या वळणाआधी हॉर्न दिला नाही की डोक्यात टपली. म्हणायचे, "आरं, कुनाच्या घरात शिरताना हाक मारतोस ना? मंग वळनात शिरताना नको?" अशा टपल्या खाऊन जो अंगठा तयार झाला, त्याला ट्रॅक आणि संगमेश्वरचा रस्ता यांतला फरक कोण सांगणार? इतकी वर्षं रेसच्या गाडीवर त्या जागी काही नव्हतंच. अंगठा हवेत दाबून समाधानी होत होता. या वर्षी त्याला बटण मिळालं. इंद्रजित पडला सपाट उसाच्या मुलुखातला, त्याचा अंगठा गप्प.

म्हणजे दोन दिवस मी प्रत्येक आंधळ्या वळणावर शिस्तीत स्वतःचं इंजिन बंद करत होतो आणि बोंब मारत होतो की गाडी नीट नाही.

उठून सरळ दाजींकडे जायला हवं होतं. मी उठलो नाही. अख्खं तंबूंचं गाव हसेल, हे पहिलं डोक्यात आलं. देवधर मला काढतील, हे दुसरं. मग म्हटलं, रेस झाल्यावर सांगू. चांगलं चाललं तर दाजींनाही कुणी बोलणार नाही. हे स्वतःला पटवायला मला पाच मिनिटंही लागली नाहीत.

रविवारी सकाळी अंगठा मुठीखाली आवळून धरला आणि प्रत्येक वळणाआधी त्याला मनातून एक शिवी हासडली. गाडी लोण्यासारखी चालली. पुढचे पाच जण पहिल्याच वळणावर एकमेकांत अडकून मातीत गेले. आमच्यात याला नशीब म्हणत नाहीत, स्वच्छ रायडिंग म्हणतात. मी तिसरा आलो. आयुष्यात पहिल्यांदा त्या चौथऱ्यावर चढलो, सगळ्यात खालच्या पायरीवर का होईना.

खाली उतरलो तेव्हा देवधर विनायकची पाठ थोपटत होते. "बघा, योग्य माणसाच्या हातात गाडी गेली की कशी पळते." विनायकने एक वायर सोडून पुन्हा घट्ट केली होती, बाकी काही नाही. तो म्हणाला, "अर्थिंग होतं साहेब." तोही काय करणार? पाठ थोपटली जात असताना कोण म्हणतं की मी काही केलं नाही?

तेवढ्यात दाजी आले. सकाळपासून कुंपणाशी उभे होते. माझ्यासाठी इतक्या जोरात टाळ्या वाजवल्या होत्या की हात लाल झाले होते. ते माझ्याकडे न येता विनायककडे गेले. खिशातून लहानशी वही काढली आणि आपल्याहून वीस वर्षांनी लहान पोराला विचारलं, "कुठली वायर रे? दाखीव मला. म्हंजे पुन्यांदा चुकनार नाय मी."

विनायकने दाखवली. दाजी वाकून बघू लागले. मग त्या जाड बोटांत पेन्सिल धरून हळूहळू लिहायला लागले. अ. र. थि.

ते मला बघवेना. माझ्या हातात करंडक होता आणि मला त्याची लाज वाटत होती. मी म्हटलं, "दाजी, लिहू नका. अर्थिंग नव्हतं. बटण मी दाबत होतो."

देवधरांनी चष्मा काढला. "म्हणजे? दोन दिवस तू स्वतःच गाडी बंद करत होतास?"

"हो."

"का?"

"वळण आलं म्हणून."

मग मी हॉर्नचं सांगितलं, वडिलांच्या टपल्यांसकट. इंद्रजित टायरच्या ढिगावर आडवा पडून हसला. शेजारचा तंबू येऊन हसला. तासाभरात सगळं गाव हसलं, आणि पुढची कित्येक वर्षं मी कुठल्याही ट्रॅकवर गेलो की लोक तोंडाने पॉं पॉं करून माझं स्वागत करायचे. देवधरसुद्धा हसले, आणि त्यांना एकही म्हण सुचली नाही. त्यांनी पाना विनायकच्या हातातून घेऊन दाजींच्या हातात दिला आणि म्हणाले, "माझं चुकलं."

दाजी तेवढे हसले नाहीत. ते गाडीपाशी गेले, टाकीवर हात ठेवून म्हणाले, "तुजा काय बी दोष नवता गो बाय. दोन दिस उगाच फाडली तुला." मग माझ्याकडे वळले.

"कदी कळला तुला?"

मी म्हटलं, "आत्ता. रेसमध्ये."

त्यांनी तेलकट हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि देवधरांना म्हणाले, "बघा साहेब. हातात करंडक आसताना येऊन सांगितलान. दुसरा कोन आसता तर गप ऱ्हायला आसता."

दुपारच्या शर्यतीआधी त्यांनी वीस मिनिटांत ते बटण माझ्या अंगठ्याच्या वाटेतून काढून दुसरीकडे बसवलं. मी नववा आलो.

दाजी त्यानंतर सात हंगाम माझ्या गाडीवर होते. पुढे मोठमोठ्या टीमनी त्यांना बोलावलं, पण मी थांबेपर्यंत ते थांबले. आता वेळणेश्वरात असतात. ही गोष्ट त्यांनी किती जणांना सांगितली असेल याचा हिशेब नाही. लग्नात, बारशाला, बोटीवर. हसवून हसवून सांगतात आणि शेवट नेहमी तोच करतात, की पोरगा एका क्षणासाठी खोटं वागला नाही, कळलं तसा येऊन बोलला. त्यांच्या धाकट्या मुलीच्या लग्नात त्यांनी हे माझ्या खांद्यावर हात ठेवून सगळ्या व्याह्यांना सांगितलं. मी लाडू खात होतो. उरलेला लाडू मी ताटात परत ठेवला.

कितीदा वाटलं, सांगून टाकावं. आमच्या दोघांच्या एवढ्या चकरा झाल्या, एवढे चहा झाले. दर वेळी ते काहीतरी असं बोलायचे की मी विषय बदलायचो. दाजींची नजर आता अधू झाली आहे. दर दिवाळीला त्यांची मुलगी हा अंक त्यांना मोठ्याने वाचून दाखवते, अगदी जाहिरातींसकट. संपादकांनी अनुभव लिहा म्हटलं तेव्हा मी दोन दिवस टाळलं आणि मग हो म्हटलं. करंडक मिळाला म्हणून हो म्हटलं नाही.

दाजी, मला शनिवारी दुपारी तीन वाजताच कळलं होतं. तुम्ही पाने पुसत होतात, मी तंबूमागे वीस पावलांवर बसलो होतो, आणि मी गप्प राहिलो.